आयर्विन पुलाला किती फूट पाणी ते रोज बघतो, कुरिअरचं कोण बघणार?

मागच्या वर्षी संक्रांतीला ठाण्याच्या एका काकूंनी ६० पुड्या मागवल्या होत्या. ५०-५० ग्रॅम हळद, वर छोटा लाल गोंडा बांधून, हळदीकुंकवाला वाण द्यायला. त्यांचं हळदीकुंकू २६ जानेवारीला, रविवारी. मी १६ तारखेला गुरुवारी दुपारी पार्सल दिलं आणि त्यांना बिनधास्त सांगून टाकलं की सोमवार-मंगळवारी मिळेल, लईत लई बुधवार. १० दिवस हातात होते की ओ. सांगलीत रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलं की माणूस सकाळी ठाण्यात चहा पितो, हळदीला किती लागणार?

२४ तारखेला ट्रॅकिंगवर आलं, ग्राहक घरी उपलब्ध नाही. मी काकूंना फोन केला तर त्या घरीच, मागं मिक्सर चालू, तिळाचं कूट करत होत्या, घरात सून, नणंद, दोन पोरं, आणि खाली वॉचमन. कुणी आलंच नव्हतं. २५ ला परत तेच, उपलब्ध नाही. २६ ला पत्ता सापडला नाही. आणि २९ ला पार्सल पोचलं, अगदी व्यवस्थित, एक गोंडासुद्धा विस्कटला नव्हता.

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काही बोलल्याच नाहीत, फक्त एक फोटो पाठवला, ताटात प्लॅस्टिकच्या हिरव्या वाट्या रचलेल्या, खाली लिहिलं होतं "ऐनवेळी हे आणलं गं". मी पैसे परत केले, त्यांनी घेतले नाहीत, मी परत पाठवले. यंदाच्या संक्रांतीला त्यांची ऑर्डर आली नाही.

तेव्हापासून डोक्यात हा विषय आहे म्हणून आज लिहायला बसले. धंदा करणाऱ्यानं आपल्या कुरिअरवाल्यावर, ट्रान्सपोर्टवाल्यावर लक्ष ठेवावं का, म्हणजे नुसतं ओरडायला नाही, रीतसर लिहून ठेवावं का? माझं मत झालंय की ठेवावं, आणि ते आपल्या स्वतःच्या वहीत ठेवावं, त्यांच्या स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विसंबून नाही. कसं ते सांगते.

आमचं थोडक्यात. सासरे, म्हणजे आप्पा, मार्केट यार्डात हळदीच्या धंद्यात आयुष्यभर. मी लग्नानंतर ४-५ वर्षांनी घरातून पॅकिंग चालू केलं, राजापुरी हळदीची पावडर आणि तासगावचा बेदाणा, आधी व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना, मग इन्स्टावर. आता महिन्याला दीडशेच्या आसपास पार्सलं जातात, शिवाय दोन-तीन दुकानदारांना पोत्यानं माल जातो तो ट्रान्सपोर्टनं. कुरिअर निवडताना आम्ही काय बघितलं? अर्ध्या किलोला रेट किती. बास. नवऱ्याच्या मित्रानं सांगितलं हा ६ रुपयानं स्वस्त आहे, आम्ही तिकडं गेलो.

ठाण्याच्या प्रकारानंतर मी त्यांच्या माणसाला बोलवलं. चांगला पोरगा, नम्र, लॅपटॉप घेऊन आला, मला स्क्रीन दाखवली. मॅडम, तुमच्या अकाउंटचं ऑन टाइम ९४ टक्के आहे, हिरवं आहे बघा. खरंच हिरवं होतं. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, एक पार्सल लेट झालं म्हणून आपण बोंबा मारतोय.

पण त्याच महिन्याच्या नोंदी माझ्याकडं होत्या, कारण मला सवय आहे की पार्सल दिलं की वहीत लिहायचं आणि ग्राहकाचा मिळालं म्हणून मेसेज आला की तारीख टाकायची. रात्री जेवणं झाल्यावर बसून मोजलं. १४३ पार्सलं, त्यातली ३१ आम्ही सांगितलेल्या दिवसानंतर पोचलेली. म्हणजे वेळेवर ११२. शंभराला ७८. स्क्रीनवर ९४, वहीत ७८. आता हे १६ टक्के गेले कुठं?

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. एक तर त्यांचं घड्याळ माझ्या दारातून सुरूच होत नाही, हबला, म्हणजे सगळी पार्सलं गोळा होतात त्या त्यांच्या गोदामाला, स्कॅन झालं की सुरू होतं. मी गुरुवारी ४ ला दिलं आणि हबला शुक्रवारी रात्री स्कॅन झालं तर तो दीड दिवस त्यांच्या हिशोबात जन्मालाच आलेला नाही. दुसरं, डिलिव्हरीचा प्रयत्न केला अशी नोंद पडली की घड्याळ थांबतं, मग माणूस खरंच दारात गेला होता का गाडीवर बसूनच बटण दाबलं, ते कोण बघतंय? काकूंचं पार्सल ८ दिवसांत "प्रयत्न केला" म्हणजे त्यांच्या लेखी तिथंच विषय संपला, उरलेला उशीर काकूंच्या खात्यावर, कारण त्या "घरी नव्हत्या". तिसरं, पत्ता चुकीचा असं लिहिलं की ते पार्सल मोजणीतूनच बाहेर. तो पोरगा खोटं बोलत नव्हता हं, त्याला स्वतःला पण हे सगळं त्या दिवशीच नीट कळलं असं मला वाटतंय. फक्त तो आकडा त्यांच्या कामाचा आहे, माझ्या कामाचा नाही.

आप्पांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, अगं ज्याची गाडी त्याचीच वही असती का कधी? मग कपाटातनं त्यांची एक लाल वही काढली, कापडी बांधणीची, कोपरे कुरतडलेले. त्यात गाडी नंबर, ड्रायव्हर, माल भरला कधी, पोचला कधी, आणि शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्द. "२ पोती ओली." "ताडपत्री फाटकी." "रात्री धाब्यावर, १ दिवस." एका गाडी नंबरापुढं नुसतं "नको" लिहिलंय आणि खाली दोन रेघा. मी विचारलं याचं काय झालं होतं, तर म्हणाले, आता आठवत न्हाई, पण लिहिलंय म्हणजे नकोच.

त्यांनी अजून एक गोष्ट शिकवली जी मला माहीतच नव्हती. ट्रान्सपोर्टचा माल उतरवून घेताना बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, डोळे झाकून सही करायची नाही. पोतं ओलं असेल, फाटलं असेल तर सहीच्या वरच लिहायचं, "१ पोतं भिजलेलं मिळालं", मग सही, आणि मोबाईलवर फोटो. आमचे इंदूरचे दुकानदार असंच सही करून मोकळे झाले होते, नंतर पोतं उघडलं तर बेदाणा चिकट गोळा. नुसती सही म्हणजे माल नीट मिळाला, बोला आता. मी नंतर वाचलं तर रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावाच लावता येत नाही. आणि मालाची जास्त किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे भाडं ६०० दिलं असेल तर ६ हजार, मग पोत्यात माल ४० हजाराचा का असेना. हे कळल्यावर मी दोन मिनिटं गप्पच बसले. आणि ई-वे बिलचं, म्हणजे गाडीतल्या मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचं, वेगळंच, २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, गाडी मध्ये कुठं दोन दिवस उभी राहिली तर बिलाची मुदत संपते आणि चेकिंगला सापडली तर दंडाचं लचांड.

आता सांगलीकरांना समजेल असं सांगते. पावसाळ्यात आपल्याकडं सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न काय असतो? आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आपल्या पुलाला, किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. आणि आपण नुसतं आयर्विन बघत नाही, कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं पुढं किती जातंय, हे पण बघतो, कारण पाणी आपल्या दारात यायच्या आधी दुसरीकडंच कुठंतरी ठरलेलं असतंय. गल्लीत बसून क्युसेकवर वाद घालणारी माणसं आम्ही, आणि ज्याच्या हातात महिन्याचा सगळा माल देतो त्याचं एक मोजमाप नाही.

म्हणून मी माझी इशारा पातळी आणि धोका पातळी ठरवली. गंमत म्हणून नाव दिलं होतं पण आता घरात सगळे तेच म्हणतात. एका भागात शंभरातली १० पार्सलं उशिरा म्हणजे इशारा, त्या माणसाला फोन करायचा, कुठल्या हबला अडकतंय ते विचारायचं. १५ च्या वर गेलं की धोका, त्या भागाचा माल लगेच दुसऱ्या कुरिअरकडं वळवायचा, भांडत बसायचं नाही. फक्त यात एक गोम आहे, आकडा थोडा असेल तर टक्के काढायचे नाहीत. लातूरला महिन्यात ३ पार्सलं गेली आणि १ लेट झालं तर ३३ टक्के म्हणून मी पहिल्या महिन्यात कुरिअरवाल्याला झापलं होतं, नंतर माझं मलाच हसू आलं. आता असे छोटे भाग एकत्र करून तीन-तीन महिन्यांचं बघते.

सरासरी पण बघायची नाही हो. सरासरीनं मला लई फसवलंय. समजा एका कुरिअरची ५ पार्सलं २, २, ३, २ आणि ११ दिवसांत पोचली. सरासरी ४. दुसऱ्याची ४, ४, ४, ५, ४. सरासरी ४ पूर्णांक २. कागदावर पहिला चांगला. पण मला दुसराच पाहिजे, डोळे झाकून, कारण त्याच्या भरवशावर मी ग्राहकाला ५ दिवस सांगू शकते आणि झोपू शकते. पहिल्याचं ते ११ वालं पार्सल कुणाच्या तरी हळदीकुंकवाचं असतंय.

पुराचं निघालंच आहे तर एक सांगते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, अर्धी सांगली पाण्यात, तिकडं कोल्हापूरजवळ शिरोलीत पुणे-बंगळूर हायवेवरच पाणी, कित्येक दिवस वाहतूक बंद. तेव्हा आप्पांचा माल तीन गाड्यांत होता. उशीर तिघांनाही झाला, होणारच, त्यात कुणाचा दोष? पण एका गाडीवाल्यानं दुसऱ्याच दिवशी फोन केला, आप्पा गाडी कराडातच थांबवलीय, उंचावर आहे, ताडपत्री डबल टाकलीय, काळजी करू नका. रेंज नव्हती तर कुणाच्या तरी फोनवरून केला. बाकी दोघांचे फोन १२ दिवस बंद. वहीत तिघांच्याही पुढं उशिराचे दिवस जवळपास सारखेच आहेत, पण पहिल्यापुढं आप्पांनी लिहिलंय "सांगितलं". तो अजून आमचा माल नेतो, आणि त्याचा रेट सगळ्यात कमी नाही. म्हणून मी पण माझ्या वहीत एक रकाना तोच ठेवलाय, उशीर होणार हे त्यांनी आधी सांगितलं का मला ग्राहकाकडनं कळलं.

आता खरं सांगायचं तर वही ठेवायला लागल्यावर पहिल्यांदा आमचीच चड्डी सुटली. त्या ३१ मधली ९ पार्सलं आमच्यामुळं लेट होती. कशी? पिकअपची गाडी पाचला येते आणि आम्ही सव्वापाचला टेप मारतोय. पत्त्यात पिनकोड चुकीचा, मिरजेच्या माणसाला सांगलीचा ४१६४१६ टाकलेला. "मारुती मंदिराजवळ" एवढाच पत्ता, आणि त्या गावात मारुती मंदिरं तीन. फोन नंबरात एक आकडा कमी. हे सगळं आम्ही कुरिअरच्या नावानं खपवत होतो. आता ऑर्डर घेतानाच मी दुसरा फोन नंबर आणि जवळची खूण मागते, लोकांना कंटाळा येतो पण देतात.

आणि आरटीओ. आमच्या धंद्यात आरटीओ म्हणजे ग्राहकानं घेतलं नाही, माल परत. सीओडीत, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे द्यायचे त्यात, हे जास्त, पैसे द्यायची वेळ आली की माणूस फोनच उचलत नाही, मग जायचं भाडं आपलं, यायचं पण आपलंच. एकदा मी जेवताना म्हटलं, या आठवड्यात ६ आरटीओ झाली, तर आप्पा घास हातात धरून विचारतात, का? गाडीचे कागद नव्हते का? घरात अजून तो विनोद चालतो. पण या सहांना मी एकेक फोन केला तर त्यातल्या दोघी म्हणाल्या की आम्ही नाही म्हटलंच नव्हतं, आम्हाला फोनच आला नाही. परत आलेल्या मालावर "ग्राहकाने नाकारले" असा शिक्का असला म्हणजे ग्राहकानं नाकारलंच असं नाही, एवढं तरी विचारून बघायला पाहिजे. आता कुणी नाकारलं असं दिसलं की मी त्याच दिवशी स्वतः मेसेज टाकते, बऱ्याचदा पार्सल वाटेतनंच पुन्हा ग्राहकाकडं वळवता येतं.

वजनाचा घोळ तर वेगळाच. १ किलो बेदाण्याचं पार्सल आणि बिलात २ किलो. कारण हवेशीर राहावं म्हणून मी मोठं खोकं घेतलं होतं, ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटर. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरून पण वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो, आणि मग वर २ चा स्लॅब. खोक्यातल्या हवेचं भाडं भरत होतो आम्ही चार महिने. ही चूक आमचीच. पण कधीकधी छोट्या खोक्याला पण जास्त वजन लागून येतं, म्हणून आता काट्यावर ठेवून, बाजूला पट्टी लावून फोटो काढते आणि बिल आलं की ताडून बघते. दोन वेळा पैसे परत मिळाले, एकदा "मुदत संपली" म्हणून नाही मिळाले. मुदत आधी विचारून ठेवा.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते पण चुकीचं नाही. तो म्हणतो, आपली दीडशे पार्सलं, त्यांना रोजची लाखानं जातात, तू वही नाचवून त्यांचं काय होणार? मोठ्या कंपन्यांचं ठीक, त्यांच्याकडं करार असतो, लेट झालं की दंड कापतात. तुझ्या हातात काय आहे? खरंच, सुधारायला लावायची ताकद माझ्यात नाही. पण निवडायची तर आहे. वहीमुळं मला कळलं की तो ६ रुपये स्वस्तवाला पुण्या-मुंबईच्या बऱ्याच भागात झकास आहे, ठाण्याच्या त्या एका पट्ट्यात आणि विदर्भात बेकार. मग पुण्याचं त्यालाच ठेवलं, विदर्भाचं दुसऱ्याला दिलं, आणि खेडेगावचं सगळं पोस्टाला. पोस्टाला लोक नावं ठेवतात पण जिथं कुठलंच कुरिअर जात नाही तिथं पोस्टमन जातो, आणि त्याला मारुती मंदिर कुठलं ते बरोबर माहीत असतं. आता रजिस्टर पोस्ट पण १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच घेतलंय, त्यामुळं दोन खिडक्यांचा प्रश्न पण मिटला. ठाण्याच्या अर्जंट मालाला तर मी आता सरळ ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकते, ग्राहक स्टॉपवर येऊन घेणार असेल तरच, ड्रायव्हरचा नंबर पाठवायचा, झालं.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं ते लिहिते. मी तक्रार टाकली की वर कुठंतरी आकडा लाल होतो आणि खाली गाडीवरच्या पोराला धरतात. आमच्याकडं येणारा पोरगा सांगत होता, काकू, पार्सलमागं पैसे मिळतात, एका बिल्डिंगला लिफ्ट बंद असली तर चार मजले चढायचे आणि तिथं माणूस नसला तर त्याचे काय बी नाहीत. मग ठाण्याच्या त्या पोरानं खालूनच बटण दाबलं असेल तर मला राग येतो, पण नुसता राग येत नाही. म्हणून तक्रारीत मी आता पोराचं नाव टाकत नाही, हब आणि तारखा टाकते. याला काही अर्थ आहे का माहीत नाही, वर जाऊन ते त्यालाच धरत असतील.

वही साधी आहे, २०० पानी, मुलीची उरलेली. रकाने: दिलं कधी (वेळेसकट), गाव आणि पिनकोड, कुणाकडनं, ग्राहकाला काय सांगितलं, मिळालं कधी, आधी कळवलं का, आणि शेरा. एक्सेल करून बघितलं पण पॅकिंगच्या टेबलावर हळदीच्या हातानं लॅपटॉप कोण उघडणार, वही पिवळी झाली तरी चालतीय. रोजचे १० मिनिटं आणि महिनाअखेरीला एक रात्र, एवढाच खर्च.

जत आणि आटपाडी साइडला मात्र अजून माझं गणित बसलेलं नाही, आपल्याच जिल्ह्यातलं पार्सल पुण्याला जाऊन परत येतंय आणि ६-६ दिवस लागतायत. तिकडं कुणी नियमित माल पाठवत असेल तर कुणाकडनं पाठवता ते कळवा. बाकी परत कधीतरी, खाली हॉर्न वाजतोय, पिकअप आली, ४:५०. लिहून घेते.